पिशवीवाला प्राणी अन् कण्हेर

२१ फेब्रुवारी १९६१

उद्या शाळेची तपासणी! साहेबांपुढे पाठ द्यायचा — प्राणी अन् झुडूप, तुलना. नोकरी अजून कच्ची. पाठ फसला तर घरी बसा! नागपूरहून आलेला प्राण्यांचा तक्ता वाळवीनं खाल्ला, एकच प्राणी धड उरला — ऑस्ट्रेलियातला, उंदराएवढा, पोटाला पिशवी, पिल्लं तिच्यात. झुडूप म्हणून पांढरकवड्याच्या देवळातून कण्हेरीची फांदी आणली, फुलांसकट. इथं बंजाऱ्यांच्या तांड्यात कण्हेर कोणाकडंच नाही. पोरं नवलानं पाह्यतील.

२२ फेब्रुवारी

पाठ जमला! प्राणी हिंडते, झुडूप जागचं हालत नाही. प्राणी पिल्लू पोटाशी घेते, झुडूप बी टाकून मोकळं होते. "अन् खाते काय?" जमनीनं विचारलं. खेमसिंगची पोरगी, सात वर्षांची, शाळेत येणारी तांड्यातली एकटीच मुलगी. मी म्हटलं — फुलातला मध चाटते. "आमी पळसाचं फूल चोखतो, तसं?" साहेब खळखळून हसले. मीही. शेरा उत्तम!

२३ फेब्रुवारी

जमनी आली नाही. काल सांजपासून ओकाऱ्या, नाडी मंद. फांदी टेबलावरच राहिली होती — आज पाह्यतो तर फुलं नाहीत, नुसते देठ! कण्हेर म्हणजे विष, अन् मी सांगतलंच नाही.

खेमसिंगले म्हटलं, दवाखान्यात ने. काहून, ते तोंडातून निघालं नाही.

२४ फेब्रुवारी

डॉक्टर म्हणे, विषारी काही पोटात गेलं. तांडा शोधून राह्यला — कोणी दिलं? बिजलीबाईनं, म्हणतात. एकटी राहणारी म्हातारी. त्या दिवशी जमनीले मोहाचा लाडू दिलता तिनं.

२६ फेब्रुवारी

तांड्याच्या नायकाच्या दारी पंचायत बसली. शिकलेला माणूस म्हणून मलेही बोलावलं. बिजलीबाई माझ्याकडं वळली, "गुरुजी, तुमी तरी सांगा, माह्या लाडवात काय होतं?"

मी म्हटलं — मले काय माहीत!

तिच्या हातचं पाणी बंद केलं.

पोरगी मेली तर? अन् वाचली, बोलली तर? दोन्हीचं भेव वाटते. थू माझ्या जिंदगीवर!

१ मार्च

उद्या होळी. बिजलीबाई गाठोडं घेऊन राळेगावच्या मोटारीत बसली, भावाकडं. कोणी पोचवायले गेलं नाही. मी खिडकी लावून घेतली.

६ मार्च

जमनी आली. पार वाळली आहे. सुट्टीत जवळ येऊन हळूच म्हणे — "गुरुजी, फुलाचं म्या कोणालेच नाही सांगतलं. बानं तुमाले मारलं असतं."