चन्नव्वाच्या बाजूची भिंत

लिहून ठेवते ती मी, नागूबाई पिराजी मेत्रे, वय सदुसष्ट, राहणार ठाणाकुशनूर, जिल्हा बिदर. कान थोडे मंद झालेत, डोके ठिकाणावर आहे. हे मृत्युपत्र मी स्वखुशीने सांगते आहे आणि गावातले बुद्धरत्न गुरुजी लिहून घेत आहेत. माझ्यावर दबाव टाकू शकेल असा एकच माणूस होता, माझा नवरा. तो बारा वर्षांपूर्वी वारला.

१. गावातले घर आणि मागची मोकळी जागा मुलगी रेणू हिला. बँकेत असेल ते दोघा लेकरांना निम्मे-निम्मे. यावर वाद घालू नये.

२. हैदराबादच्या वस्तीतली खोली मुलगा श्रीशैल याला. जमीन सरकारची आहे, तिच्यावर मी हक्क सांगत नाही. भिंती, पत्रे आणि दार आमच्या कष्टाचे. तालुक्याला, औरादला काम नव्हते, बिदरला होते ते चार दिवसांचे. कारखाना, दवाखाना, कॉलेज, जे उभे राहिले ते सगळे हैदराबादेत, मग आम्हीही तिथेच गेलो. इमारती बांधायला आम्हाला बोलावले, राहणार कुठे हे कुणी विचारले नाही. सणाच्या तीन दिवसांच्या सुटीत, झोपड्या पाडणारी सरकारी माणसे कामावर परतण्याआधी, नवऱ्याने ही खोली उभी केली. अट एवढीच, की गावाकडून नवा कुणी आला तर त्याला पहिले पंधरा दिवस तिथे पथारी टाकू द्यावी. आमच्यानंतरची चाळीस घरे अशीच झाली.

३. या खोलीची उगवतीची भिंत मात्र श्रीशैलला नाही. ती शेजारीण चन्नव्वा, मूळची करजगीची, हिला. वस्तीत नवा माणूस शेजाऱ्याच्या भिंतीला लागून तीनच भिंती बांधतो. चन्नव्वाचे पत्रे माझ्या भिंतीवर टेकले आहेत. श्रीशैलला खोली पाडून दुमजली करायची आहे. म्हणतो, "भिंत आपली हाय, तिला कामून इचारायचं?"

चन्नव्वाशी मी नऊ वर्षे बोललेली नाही. आमची भिंत वाकडी आहे असे तिने गल्लीभर सांगितले. भिंत वाकडी आहेच. पण नवरा जिवंत असताना सांगायचे होते, त्याने तिला चांगले उत्तर दिले असते.

४. नवऱ्याची गवंडीकामाची थापी जावयाला. भिंत सरळ आहे का बघायचा ओळंबा चन्नव्वाचा मुलगा मल्लिकार्जुन याला. त्याने तो आईच्या तीन भिंतींनाही लावून बघावा.

नोंद: वाचून झाल्यावर श्रीशैल उठून दाराशी गेला. तेव्हा मी बोलले ते गुरुजींनी लिहावे: "मी सहाव्या मजल्यावर घमेली चढवायची तवा तू चन्नव्वाच्या मांडीवर होतास. माझं दूध आटलं व्हतं. तिनं आपल्या लेकीच्या आधी तुला पाजलंय." हे मी त्याला कधी सांगितले नव्हते, लाज वाटायची. तो दारातून परत येऊन गुरुजींच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "सही कुठं करू?"

डाव्या हाताचा अंगठा: नागूबाई पिराजी मेत्रे

साक्षीदार:
१. बुद्धरत्न कांबळे, निवृत्त शिक्षक
२. तानाजी बिरादार, शेतकरी

ठिकाण: ठाणाकुशनूर
तारीख: १७ नोव्हेंबर २०२४

कलम ३ मला मान्य. त्या भिंतीला हात लावणार नाही.
श्रीशैल पिराजी मेत्रे