आईचे पाय

अण्णा,

काचीगुड्याच्या घरात रविवारी सकाळी तुम्ही व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरून माझे शाळेचे काळे बूट पॉलिश करत बसायचात. मी शेजारी बसून कॉन्व्हेंटमधली नवी कविता म्हणून दाखवायचे. आतून आईच्या स्टोव्हचा आवाज यायचा. रेल्वेच्या ऑफिसात कारकुनी करणारा माणूस मुलीचे बूट स्वतः चमकवतो, याचं मला तेव्हाही अप्रूप होतं, आजही आहे. म्हणूनच पुढचं लिहिणं जड जातं.

अशाच एका रविवारी आई ओट्याजवळ खाली बसली ती उठेना. कमरेखाली काही कळत नव्हतं. डोळे उघडे, पण हाक पोचत नव्हती. शेजारच्या काकू लिंबू आणि कुंकू घेऊन धावत आल्या. "वैनींच्या अंगात आलंय, भाऊ. आधी पाया पडा!" तुम्ही त्यांना दारातच अडवलंत. "ताई, आमच्या घरात कुणी कुणाच्या अंगात येत नाही. ते लिंबू सरबताला ठेवा." दीक्षा घेतलेल्या घराला शोभेल असंच बोललात. मला केवढा अभिमान वाटला.

मग दवाखाना झाला, तपासण्या झाल्या. काही निघालं नाही. पाय आपले आपण परत आले, पुन्हा गेले, येत-जात राहिले. तो रिपोर्ट तुम्ही मला तिच्यासमोर मोठ्याने वाचायला लावलात. माझे इंग्रजी उच्चार ऐकून खूश झालात आणि तिला म्हणालात, "ऐकलंस? सगळं नॉर्मल. उगं नाटकं करू नको, उठ." देवी तुम्ही मानत नव्हतात आणि रिपोर्टात काही नव्हतं. आईचं दुखणं ठेवायला तुमच्याकडे जागाच उरली नाही.

"लक्ष दिलं की वाढतं," हा मग घराचा नियम झाला. ती स्वयंपाकघरात पडलेली असते आणि आम्ही ताटं घेऊन बसलेलो. "माणसाला ओलांडू नये म्हणतात," धाकटा कुरकुरतो. "तीही अंधश्रद्धाच. जा, पोळी घेऊन ये," तुम्ही म्हणता. तो तिचे पाय ओलांडून जातो. त्याच्यामागून मी. आई छताकडे बघत असते. ती तिथे आहे की नाही, कुणी विचारत नाही.

तुम्ही गेल्यापासून आई माझ्याकडे विद्यानगरला असते. मागे एक पाय पुन्हा गेला, तेव्हा मी तिला हिमायतनगरच्या एका मनोविकारांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. ऑटोत म्हणाली, "येडी ठरवतेस काय मला?" बाईंनी तिला निजवून त्या पायाच्या टाचेखाली हात धरला. "अम्मा, ये पांव नीचे दबाओ." दबेना. मग दुसरा पाय उचलायला लावला, आणि उचलताना तो गेलेला पाय आपोआप त्यांच्या हातावर दाबला गेला. "देखो अम्मा, ताकद है. आप बुलाए तो नै आ री, बस. नसां अच्छे हैं, तकलीफ भी सच्ची है. नाटक नै है ये."

"नाटक नै?" आईने पुन्हा विचारलं.

"नै अम्मा."

असं का होतं ते दर वेळी सांगता येत नाही, पण समजावून, व्यायाम करून पुष्कळ सुधारतं, असं त्या म्हणाल्या. आणि सुधारतंय, अण्णा. परत येताना आई एवढंच म्हणाली, "हे त्यांना ऐकवायला पायजे होतं गं." म्हणून ऐकवतेय. देवावर शंका घेणाऱ्या माणसाला एका कागदावर शंका घेता येऊ नये? तिचं अर्धं आयुष्य त्या फरशीवर गेलं.

काचीगुड्याचं घर आता रिकामं करायचं आहे. तुमची पुस्तकं विहारातल्या वाचनालयाला. कोट धाकट्याला, त्याच्या अंगाला बरोबर बसतो. रेडिओ काकूंच्या मुलीला. हे पत्र कुणालाच नाही. भिंतीवरचा तुमचा मोठा फोटो आई मागतेय, पलंगासमोर लावायला. कशाला, असं मी जरा तुसडेपणानेच विचारलं. म्हणाली, "बघू दे की त्यांना, मी चालते ते."

फोटो तिलाच. मला तो हवा होता, हे मी तिला सांगितलेलं नाही.