तळहातावरचं पीठ

आई, बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी भरवलेल्या पालकसभेत मी तुझ्याबद्दल एक गोष्ट चुकीची सांगितली. मी म्हणाले, माझ्या आईनं माझ्याशी एकदाही हातानं खूण केली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. घरी येताना रिक्षात आठवलं, तू एकदा केली होतीस. ते शेवटी लिहिते, आधी बाकीचं सांगू दे. तू गेलीस तेव्हा मी नववीत होते. आता माझी मुलगी चार वर्षांची आहे, आणि तिलाही माझ्यासारखंच ऐकू येत नाही.

तुझं स्वयंपाकघर ही माझी पहिली शाळा. तू परातीशी बसली आहेस, मी समोर पाटावर. माझ्या तळहातावर तू चिमूटभर पीठ ठेवतेस आणि तो हात माझ्या तोंडासमोर धरतेस. 'प' नीट आला की पीठ उडतं. 'ग'ला माझी बोटं तुझ्या गळ्यावर, आतली थरथर कळावी म्हणून. मधेच पदर तोंडावर धरून बोलतेस, मी ओठ वाचू नयेत, कानातल्या यंत्राचा उपयोग करावा म्हणून. मी तांब्याकडे बोट केलं की तू ते खाली दाबायचीस. "त्वांड हाय न्हवं तुला? मग त्वांडानं माग की." पाणी समोर असायचं आणि मी रडायचे. मग कधीतरी शब्द यायचा, वाकडातिकडा, आणि तू पिठाच्या हातांनीच मला जवळ घ्यायचीस. तुझ्यामुळे मी बोलते. बाजारात, बँकेत, फोन सोडून सगळीकडे बोलते.

तेच सगळं मी माझ्या मुलीसाठी केलं. तिला ऑपरेशन करून यंत्र बसवलं आहे, पण डॉक्टर म्हणतात, ऐकण्याची नसच बारीक आहे, किती येईल सांगता येत नाही. बोलायला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, खुणा करू देऊ नका, नाहीतर बोलायचा कंटाळा करेल. मी एकही दिवस चुकवला नाही. गेल्या महिन्यात तिच्या हातावरचं पीठ उडालं. पुन्हा ठेवलं, पुन्हा उडालं. मी सासूबाईंना हाका मारल्या, "आत्या, या की लवकर, ही प म्हणतेय." त्या आल्या, तिच्याजवळ बसल्या, कान लावला. मग माझ्याकडे तोंड करून, मला दिसेल असं सावकाश म्हणाल्या, "अगं, बोलत न्हाई ती. नुसती फुंकतीया."

मला यंत्रातून आवाज येतो, अक्षरं सुटी होत नाहीत. माझ्या लेकीचा शब्द आला की नाही, हे मला पिठाला विचारावं लागतं. तुला कधी विचारावं लागलं नाही, कारण तू ऐकत होतीस. सासूबाई मनानं वाईट नाहीत, पण त्या दिवशी म्हणाल्या, "तुझ्या आईनं तुला बोलती केली की. मग तुलाच का जमंना?"

मी आणखी कडक झाले. तिनं पाण्याकडे हात केला की तो धरून ठेवायचा आणि शब्दाची वाट बघायची. ती रडली नाही. आधी माझ्या तोंडाकडे बघत राहायची, मग तेही सोडलं. आता ती माझ्याकडे काही मागतच नाही. तहान लागली की न्हाणीत जाऊन बादलीत तोंड घालते. तिचं पोट दुखतंय की तिला भीती वाटतेय, मला कळत नाही. स्वतःला एक नाव आहे, एवढं तरी तिला ठाऊक असेल का, आई?

रविवारी आम्ही रंकाळा तलावावर गेलो होतो. शेजारच्या कट्ट्यावर दोन मुली भेळ खात हातांनी बोलत होत्या, भराभर, मधेच खदखदून हसत. माझी मुलगी माझं बोट सोडून त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. एकीनं भेळेचा कागद पुढे करून हातानं काहीतरी विचारलं. माझ्या मुलीनं तो हात निरखला आणि तसाच हात करून दाखवला. त्याच खुणेनं भेळ मागून घेतली. तिचा हात दाबायला मी अर्धी उठले होते. तशीच खाली बसले. भेळ देणारी ती मुलगी राजारामपुरीत लहान मुलांना हातांची भाषा शिकवते, मोबाइलवर टाइप करून तिनं मला सांगितलं. खाली लिहिलं, "दोघी या."

आता ती दुरुस्ती. तू जाण्याआधी दवाखान्यात तुझ्या घशात नळी होती, तोंडावर पट्ट्या होत्या. ओठ वाचायची सोयच नव्हती. मी शाळेतून थेट आले होते. तू पाच बोटं जुळवून तोंडाशी नेलीस आणि भुवई उचललीस. जेवलीस का? तुझं कुठलंच वाक्य मला इतकं लख्ख कळलं नव्हतं. आणि मी, तू शिकवलंस तसे हात मागे धरून, स्पष्ट उच्चारात म्हणाले, "हो, जेवले." तू डोळे मिटून घेतलेस.

तुझी शिकवण मी मोडते आहे, की तू शेवटी केलंस तेच करते आहे, मला ठरवता येत नाही. घरात अजून कुणाला बोललेले नाही. हा कागद पिठाच्या डब्याखाली ठेवीन, दुसरीकडे कुठं टाकणार? त्या दिवशी मी जेवले नव्हते, आई. आम्ही दोघी राजारामपुरीला जाणार आहोत, येत्या गुरुवारी.