पंधरा मिनिटं वजा

प्रिय खारुताई,

तुझं सहलीच्या आखणीचं पान मिळालं. तंबू कुठे ठोकायचा, कोणी काय उचलायचं, धाकटीचे जादा मोजे, थोरल्याची दुर्बीण, सगळं कसं शिस्तीत लिहिलंयस. आधी हसूच आलं. शाळेच्या सहलीलाही तू अशीच यादी करायचीस आणि डबा मात्र घरी विसरायचीस. मग खालची ओळ वाचली. दुपारी ओहोटीला समुद्राच्या तळावरून चालत खडकांच्या खांबांपर्यंत जायचं. दोन दिवस झाले, तीच ओळ परत परत वाचतेय.

आणि वर लिहिलंयस, आई, घाबरू नकोस, या वेळी घड्याळ बाबांचं नाही, माझं आहे. गमतीने लिहिलंस, कळतं मला. पण काळजाला घरं पडली. फोन करणार होते. पण फोनवर तू मध्येच बोलतेस, मी मध्येच रडते आणि सांगायचं राहूनच जातं. म्हणून लिहायला बसले.

आपल्या घरातली सगळी घड्याळं पंधरा मिनिटं पुढे असायची, त्याचं कारण मी. मला कुठे म्हणून वेळेवर पोचणं जमायचं नाही. तुझ्या बाबांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान, अख्खी पेठ त्यांच्या दुकानातलं घड्याळ बघून आपली घड्याळं लावायची, आणि बायको ही अशी! शेवटी त्यांनी घरातली घड्याळं पुढे केली. झालं काय, महिन्याभरात आम्ही सगळेच पंधरा मिनिटं वजा करायला शिकलो आणि मी पुन्हा उशिरा पोचू लागले. तुझी आत्या तर म्हणायची, वहिनी स्वतःच्या लग्नातही सगळ्यांत शेवटी आली. आत्या तेव्हा बावीस वर्षांची होती, नुकतीच नोकरीला लागलेली, तोंडाची टकळी सतत चालू. पहिल्या पगारात तिनेच आपल्याला तू निघालीयस त्याच किनाऱ्यावर नेलं.

तू साडेतीन वर्षांची होतीस, तुला आठवतं ते सगळं ऐकलेलं. मी पाहिलेलं सांगते. कड्यावरून खाली उतरायला लोखंडी जिना आहे, तुझ्या पानावरही आहे. जिन्याच्या तोंडाशी फळा असतो. किती वाजेपर्यंत परत यायचं, ते रखवालदार रोज त्यावर खडूने लिहितो. त्या दिवशी पावणेचार लिहिलं होतं. तुझ्या बाबांनी आपलं मनगटी घड्याळ रखवालदाराच्या घड्याळाशी मिळवून बरोबर केलं आणि माझ्या हाताला बांधलं, कारण तू त्यांच्या खांद्यावर होतीस. बरोबर केलंय, आता वजा करू नकोस, असं बजावलंसुद्धा. मी हो म्हटलं.

खांबांपाशी पोचल्यावर तू पेंगायला लागलीस, म्हणून ते तुला घेऊन पुढे निघाले. आम्ही दोघी शिंपले वेचत रेंगाळलो. आत्याने विचारलं, वहिनी, निघायचं ना? मी घड्याळ पाहिलं. साडेतीन. जिना पंधरा मिनिटांवर होता, तेव्हाच निघायला हवं होतं. मी सवयीने वजा केले, सव्वातीन धरले आणि म्हटलं, बस गं, अजून वेळ आहे.

पाणी समोरून येईल असं आपल्याला वाटतं. तिथे ते पाठीमागून येतं. आपण आणि जिना यांच्यामधली खोलगट जागा आधी भरते, आवाजसुद्धा होत नाही. आम्ही निघालो तेव्हा तिथे मांडीपर्यंत पाणी होतं, मधोमध पोचलो तर गळ्यापर्यंत. तुझे बाबा तुला रखवालदाराकडे देऊन पाण्यात उतरले. त्यांच्या हाताला मी आधी लागले. मला जिन्यावर टाकून ते वळले, तेव्हा ती दिसत नव्हती.

त्यांनी माझ्या मनगटावरचं घड्याळ सोडलं आणि आपल्या हाताला बांधलं. लोक जमले तेव्हा म्हणाले, माझं घड्याळ मागे पडलं. मी तोंड उघडलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही. तुझ्या आजीने मरेपर्यंत त्यांना कधी किती वाजले म्हणून विचारलं नाही. ज्याचं स्वतःचंच घड्याळ मागे पडतं त्याच्याकडे दुरुस्तीला कोण येणार? वर्षभरात दुकान बंद झालं, मग जन्मभर पाण्याचे मीटर वाचत दारोदार फिरले. आमची काय कमी भांडणं झाली? पण एकदाही त्यांनी ती गोष्ट काढली नाही. तू मोठी झाल्यावर त्यांना टाकून बोलायचीस, तेव्हा ते माझ्याकडे नुसते बघायचे आणि मी भाजी चिरत राहायचे. मला तुझी भीती वाटायची. अजून वाटते. हे वाचून तू मला आई म्हणशील की नाही, कोण जाणे.

खरं सांगते, हे पोटात ठेवूनच मी गेले असते. पण गेल्या खेपेला तुझ्या स्वयंपाकघरातलं घड्याळ पाहिलं. पंधरा मिनिटं पुढे. तुझ्या मनगटावरचंही तसंच. जावईबापू हसत म्हणाले, हे हिच्या माहेरचं खूळ, मी आपला मोबाइलवर बघतो. आणि पानावर तू लिहिलंयस, भिजतील म्हणून मोबाइल तंबूतच ठेवायचे. म्हणजे जिन्यापाशी ते चांगल्या मनाने तुझं घड्याळ बरोबर करतील, तुला सांगतीलही, आणि तू हो म्हणशील. मग धाकटी विचारेल, आई, निघायचं ना? तेवढंच डोळ्यांसमोर येतं. जाऊ नका म्हटलं तर तू ऐकायची नाहीस. तर एवढं कर, आजच्या आज घरातली सगळी घड्याळं बरोबर कर. निघायला दहा दिवस आहेत, तेवढ्यात सवय मोड. मोडली नाही तर पोरांना घेऊन तो जिना उतरू नकोस, पाया पडते तुझ्या. इथली सगळी मी परवाच बरोबर केली. तरी आत्ता लिहितालिहिता वर पाहिलं, सकाळचे दहा वाजलेत, आणि माझ्या मनात पावणेदहा झालेसुद्धा.

तुझीच,
याही वेळी उशीर केलेली,
आई