देवघरातली गिनी

प्रिय आई,

आज तुझं वर्षश्राद्ध झालं. पंगत उठली आणि दादा हात पुसत म्हणाला, "उद्या भोरला सोनाराकडं जातू. गिनी आटवून सुमीच्या लग्नाला बोरमाळ करतू." तुझी गिनी गं! तेव्हापासून मी धुमसते आहे. तुझ्याशी बोलल्याशिवाय चैन पडणार नाही, म्हणून माहेरी, पालीच्या आपल्या ओट्यावर बसून लिहिते आहे.

तुझे वडील बसऱ्याच्या लढाईवरून आले ते ही एक गिनी कनवटीला लावून. तुझ्या लग्नात त्यांनी ती तुझ्या ओटीत घातली. एका अंगाला साहेबाचा दाढीवाला राजा, दुसऱ्या अंगाला घोडेस्वार. सासरी येऊन तू देवघरातला खंडोबाचा टाक पाहिलास आणि घोडेस्वार वर करून गिनी त्याच्या शेजारी मांडलीस. राजा बिचारा तेव्हापासून पालथाच! चंपाषष्ठीला तळीच्या ताम्हनात तीही असायची. काठाच्या कंगोऱ्यांत बसलेला भंडारा तू नंतर चिंचेनं घासून काढायचीस.

सोन्याचा कायदा आला तेव्हाचं आठवतं? सोन्याची नाणी सापडली तर सरकार नेतंय, अशी आवई उठली आणि आबा घाबरले. दागिना करून टाकू म्हणाले. मायबाप आणि लेक, आपण तिघं भोरला गेलो, तर सोनारकाकाच हातावर हात ठेवून बसलेले. "चौदा कॅरटच्या वर घडवायला बंदी आहे, वहिनी," ते म्हणाले. "हिच्यात बारा भागांतले अकरा भाग सोनं. एक भाग तांबं, तेही झिजू नये म्हणून. मला हिला हात लावता येत नाही."

मग त्यांनी डोळ्याला भिंग लावलं आणि हसले. "आणि वहिनी, हा खंडोबा नव्हे. साहेबांचा कुणी संत आहे. खाली मणी-मल्ल नाहीत, पंखांचा अजगर आहे."

मला वाटलं, आता तू रडणार. पण तू कसली रडतेस! "घोड्यावं बसलाय, हातात तलवार हाय, पायाखाली दैत्य हाय. आजून काय पायजे?"

काकांनी घोड्याखालचं बारीक अक्षर दाखवलं. पहिल्या महायुद्धाच्या वेळी थोड्या गिन्या मुंबईच्या टांकसाळीत पाडल्या होत्या, त्यांतली ही. "मुंबईत घडला म्हंजे आपलाच की!" असं म्हणून तू गिनी पदराला बांधलीस. तेव्हा निदान बंदी होती, आता तीही उठली आहे.

एवढी ठाम होतीस, मग जाताना गिनीचं एका शब्दानं का नाही सांगितलंस? तुझा राग येतो मला कधीकधी.

मी दादाला म्हणाले, "मी नेते तिला सासरी, उत्रोलीला."

"पोरीसंगं माहेरचा देव जात न्हाई."

"मग भट्टीत जातो व्हय?"

"आगं, ते सोनं हाय, शेवंता."

"सोनं आसंल तर आईच्या सोन्यात माजाबी वाटा हाय. देव आसंल तर देवघरातनं हालवायचा न्हाई. काय ते एक ठरीव!"

दादा गोठ्याकडं निघून गेला. वहिनी पदर तोंडाला लावून हसत होती. आणि आई, तू तरी तुझा हा देव कुठून आणलास? तुझ्या माहेराहूनच ना!

दादा वाईट नाही गं. पोरीच्या गळ्यात काहीतरी पडावं, एवढंच त्याला वाटतं. सुमी माझी भाची आहे, तिचा गळा ओका राहावा असं मी कशी म्हणेन? म्हणून मी ठरवलं आहे. उद्या पहिल्या एसटीला दादाच्या शेजारी मी बसणार. त्यानं सोनाराच्या पुढ्यात गिनी ठेवली की मी माझी पाटली ठेवणार. आटवायचं तर हिला आटवा! गिनी पालीलाच परत येईल, तुझ्या देवघरात, घोडेस्वार वर करून.

तुझी फार आठवण येते. पण आज रडायला सवड नाही. बाळंतपणांनंतर माझा हात भरला आहे, पाटली मनगटात रुतून बसली आहे. दोनदा साबण लावला, निघाली नाही. एसटी यायच्या आत निघेल, हा तुझ्या लेकीचा शब्द आहे.

तुझीच हट्टी,
शेवंता