ओसरीवरचं बसणं

अण्णा, आज आमच्या बँकेने विष्णुपुरीजवळच्या एका हॉलमध्ये सगळ्यांना डोळे मिटून बसवलं. पुण्याहून आलेला एक तरतरीत मुलगा सांगत होता की रोज ध्यान केलं की ब्लडप्रेशर आटोक्यात राहतं, आजारपणाच्या रजा कमी होतात, औषधपाण्याचा खर्च वाचतो आणि त्यात बँकेचाही फायदा होतो. शेवटचं वाक्य ऐकून आमचे मॅनेजर तेवढे जागे झाले. मग त्याने श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं आणि मला लातूरच्या आपल्या भाड्याच्या घराची ओसरी दिसायला लागली. वाईट वाटलं असं नाही. हल्ली मला वाईटही वाटत नाही आणि बरंही वाटत नाही. नांदेडचे डॉक्टर म्हणतात हा ताणच आहे, आणि असंच चाललं तर नोकरी सोडावी लागेल. तेही मी दुसऱ्या कुणाबद्दल असावं तसं ऐकून घेतलं.

लातूर जिल्हा तेव्हा नवा झाला होता, आणि कचेरीत पुरेशा खुर्च्या यायच्या आधीच दुष्काळ येऊन बसला होता. कारकून म्हणून तुमच्याकडे पाणीटंचाईचं टेबल आलं. टँकर कोणत्या गावाला जाणार ते साहेब ठरवायचे आणि शिव्या तुम्ही खायचात. एकदा टेबलावरच चक्कर येऊन पडलात. डॉक्टरांनी लांब रजा घ्या म्हणून सांगितलं, पण बिनपगारी रजेवर घर कसं चालायचं, असं आई म्हणाली आणि तिचं खरंच होतं. तेव्हा विहारातल्या भंतेजींनी तुम्हाला पहाटे बसायला शिकवलं. करायचं काहीच नाही, आत येणारा आणि बाहेर जाणारा श्वास नुसता बघायचा. आईला आधी वाटलं तुम्ही रुसलात. पण हळूहळू तुमचं ताट आपटणं थांबलं, रात्रीची झोप परत आली, आणि तुम्ही एकही रजा न टाकता कामावर जात राहिलात.

तो दिवस मला अजून दिसतो. तुम्ही ओसरीवर घोंगडी टाकून बसलायत आणि मी दारात राखुंडीने दात घासतेय. औशाकडच्या एका गावची माणसं रिकाम्या घागरी घेऊन तुम्हाला जाब विचारायला येतात. चांगली तणतणत येतात. पुढचा म्हातारा तुमचे मिटलेले डोळे बघून थबकतो. त्याला वाटतं, साहेब ऐकत नाही म्हणून हा कारकूनच उपोषणाला बसला.

"आपल्यापायी बसलाय ह्यो मानूस," तो मागच्यांना म्हणतो. "गप बसा समदे."

घागरी खाली ठेवून सगळे तुमच्या शेजारी मांडी घालतात. काही वेळाने तुम्ही डोळे उघडता, त्यांच्याकडे बघता आणि परत मिटून घेता.

कचेरी उघडायच्या आत ही बातमी तिथे पोचली. सरकारी नोकर गावकऱ्यांबरोबर उपोषणाला बसला म्हणजे नोकरी जायचीच पाळी. आईच्या तोंडचं पाणी पळालं. तुम्ही साहेबांना सांगितलंत की मी श्वास बघत होतो. त्यांना ते पटलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी ताकीद देऊन सोडलं आणि प्रकरण वाढायला नको म्हणून दुपारीच त्या गावाला टँकर धाडला. संध्याकाळी म्हातारा तुमच्या पाया पडायला आला, तेव्हा तुम्ही त्याला दंडाला धरून उठवलंत.

"बाबा, बसल्यानं टँकर येत न्हाई," तुम्ही म्हणालात. "डोकं फुटत न्हाई, एवढंच."

"आमचं बी फुटलं न्हाई आज," म्हातारा म्हणाला. "खरं सांगू का, तुमचं फोडाया आल्तो."

आई पदर तोंडाला लावून हसत होती. तुम्हीही हसलात, आणि टंचाईचं टेबल आल्यापासून मी ते पहिल्यांदा पाहिलं.

ती घोंगडी तुमच्या माघारी मी नांदेडला आणली. डॉक्टरांनी ताण आहे म्हटल्यापासून रोज पहाटे तिच्यावर बसते. हे पत्र तिच्याच घडीत ठेवणार आहे, दुसरीकडे कुठे धाडू? आज त्या मुलाने विचारलं, मॅडम, श्वासावर लक्ष राहतं का? मी हो म्हणाले. राहत नाही, अण्णा. दार उघडं ठेवून बसते आणि शेजारी कुणी येऊन बसतंय का, ते ऐकत असते.