शहाताच्या नावाची शाळा

कफ्र सवाकी,
१२ एप्रिल १९७४

चि. रिफअत यास,
इन्साफताईचे अनेक आशीर्वाद व सलाम.

गावच्या शाळेला आपल्या शहातादादाचं नाव देणार आहेत. हुरळू नकोस. नवे हेडमास्तर चहात चार चमचे साखर घालून म्हणाले, की शहाता म्हणजे भिकेचा, शहिदाला ते शोभत नाही. पाटीवर सैफुद्दीन, म्हणजे धर्माची तलवार, असं लिहू. शहरातले ते. त्यांना सांगितलं, आधीची तीन लेकरं गेली म्हणून आईनं सात घरी चिंध्या मागून दादाला सदरा शिवला आणि नावही तसंच ठेवलं, म्हणजे मृत्यूनं ढुंकून पाहू नये. वर त्यांना दादाच्या शिस्तीबद्दल दोन ओळी हव्यात. त्यानं पाटावरच्या पंपाच्या पाइपानं मुखियाला म्हशीसकट न्हाऊ घातल्याचं सांगितलं, तर लिहून घेतलं नाही.

गुरुवारी रंगारी येईल. आई गप्प आहे. अंडी पोचली का?

लोभ पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

अलेक्झांड्रिया,
१५ एप्रिल

ती. ताईस,
रिफअतचा आदराचा सलाम.

अंडी पोचली, चार फुटून. मास्तरांना सांग, त्याच पाइपाच्या गुणावर पलटणीनं दादाला पंपावर घेतलं. ऑक्टोबरच्या लढाईत सुएझ कालव्यापलीकडचा शत्रूचा वाळूचा बांध पाण्यानं फोडताना, वरून गोळे पडत असताना, तो त्या बांधालाच मुखियासाहेब म्हणून बाजूला सरकायला सांगत होता म्हणे. त्याच्या हवालदारानं हे मला हसत सांगितलं आणि मग रडला. तिसऱ्या दिवशी दादा गेला.

सैफुद्दीन नावाचा माझा कुणी भाऊ नाही. पण आईला कुणी विचारलंय का? तिलाच शहाता या नावाचा राग असेल, तर आपण भांडायचं नाही.

माझ्यावर माया असू दे, आणि रागावणंही.
रिफअत

कफ्र सवाकी,
१९ एप्रिल

चि. रिफअत यास,
आशीर्वाद.

विचारायच्या आधीच आई काळी ओढणी घेऊन शाळेत निघाली. तिच्या पाठोपाठ, तेव्हा चिंध्या देणाऱ्या सातांपैकी हयात असलेल्या पाच जणी. उम्म फरहात म्हणाली, की सदऱ्याची बाही तिच्या चिंधीची, म्हणून पोरगा निम्मा तिचा. पाठीची चिंधी देणारी तिच्याशी भांडायला लागली. मास्तरांना बसायला खुर्ची उरली नाही. शेवटी ते हळूच म्हणाले, की या नावानं तरी त्याला कुठं राखलं.

आई म्हणाली, की आधीची तिन्ही महिनाभर टिकली नाहीत; या नावानं बावीस वर्षं राखलं. आता रोज दोनशे पोरं या दारातून जातील, त्यांनाही राखू दे.

मास्तरांनी मान डोलावली. रंगाऱ्यानं मोठ्या अक्षरांत लिहू का म्हणून विचारलं. आई म्हणाली, की नको, बारीक लिही, कुणाच्या नजरेत भरायला नको.

सुट्टीत ये. आहे तसा लोभ ठेव.
तुझी ताई